काळी माती आणि पांढरी राख

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घरात मागच्या दारासाठी दरवर्षी सुतार बोलवावा लागे. आषाढाचे दोन चांगले पाऊस झाले की दार चौकटीत अडकायचे आणि वडील त्याची वरची कड रंध्याने तासून घ्यायचे. मग वैशाखात तेच दार इतके सैल व्हायचे की वरच्या फटीतून परसातल्या चिंचेचा शेंडा दिसे. आई म्हणे, "लाकूडच कच्चं निघालं." लाकडावरचा हा आळ मी पुढे सिव्हिल इंजिनिअरिंगला गेल्यावर फिटला. लाकूड पावसात फुगते हे खरे, पण लाकूड फुगल्याने भिंतीला जोत्यापासून खिडकीपर्यंत तिरकी भेग पडत नाही. आमच्या घराखालची माती पावसाळ्यात फुगत होती, उन्हाळ्यात आकसत होती आणि तिच्याबरोबर अख्खे घर वरखाली होत होते.

ही आपली कपाशीची काळी माती. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे पापुद्रे इतके बारीक की त्यांच्यामध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. शेतकऱ्याला हा गुण वरदान वाटतो, कारण ही माती ओल धरून ठेवते. घर आणि रस्ता बांधणाऱ्याला तोच गुण घातक ठरतो. विदर्भ-मराठवाड्यातले रस्ते लाटांसारखे का होतात, याचे निम्मे उत्तर या मातीत आहे. उरलेले निम्मे उत्तर टेंडरात असते, पण तो विषय वेगळा.

माती किती फुगरी आहे, हे पाहण्याची चाचणी अगदी घरगुती वाटावी अशी आहे. वाळवून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती मोजपट्टी असलेल्या दोन काचेच्या नळ्यांत घालायची. एकीत पाणी भरायचे, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. चोवीस तासांनी पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा किती टक्के जास्त जागा व्यापते, ते पाहायचे. ५० टक्क्यांच्या वर गेली की इंजिनिअरने सावध व्हावे. एवढीशी चाचणी न करता लाखो रुपयांचे पाये घातलेले मी पाहिले आहेत.

जुन्या गवंड्यांचा उपाय सरळ होता. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढायची आणि खड्ड्यात मुरूम भरून तो धुम्मसाने ठोकायचा. पुढे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगीर बुंधा असलेले, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल रूढ केले. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा जाड थर देण्याची पद्धत मांडली आणि ती कालव्यांसाठी वापरात आली. हे सगळे उपाय चांगलेच आहेत. पण शेकडो किलोमीटरच्या रस्त्याखालची माती काढून तिथे मुरूम घालायचा म्हणजे तेवढ्या टेकड्या कापायच्या. त्या आपण कापतोच आहोत.

इथे राखेचा विचार येतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण फार असते, अनेकदा ३० ते ४० टक्के. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, परळी, भुसावळ इथल्या औष्णिक केंद्रांच्या आसपास राहणाऱ्या गृहिणींना ही राख निराळी सांगायला नको. वाळत घातलेल्या कपड्यांवर ती रोज बसते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६.९ कोटी टन राख निघाली आणि तिचा दहावा हिस्साही वापरला गेला नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये राखेच्या वापराची पहिली अधिसूचना निघाली. २०२१-२२ मध्ये सुमारे २७ कोटी टन राख निघाली आणि जवळजवळ ९६ टक्के राख वापरली गेली, असे तेच प्राधिकरण सांगते.

मातीत मिसळली की राख नेमके काय करते? आपली बहुतेक राख एकटी फारसे काही करत नाही, कारण तिच्यात चुना कमी असतो. तिला चुन्याची जोड द्यावी लागते. चुन्यातले कॅल्शियम आधी मातीच्या कणांना धरते. लोण्यासारखी चिकट माती काही तासांतच रवाळ, भुसभुशीत होते. पायाला चिकटणारा चिखल पायाला चिकटेनासा होतो, हे मी स्वतः अनवाणी उभे राहून पाहिले आहे. मग महिनोन्महिने दुसरी क्रिया चालते. चुना, राखेतली सिलिका आणि पाणी मिळून सिमेंटसारखे बंध तयार होतात. आपल्या पूर्वजांनी चुन्यात विटांची सुरखी घालून वाडे बांधले, ते याच तत्त्वावर. साधारण तीन ते पाच टक्के चुना आणि पंधरा-वीस टक्के राख असे प्रमाण धरतात, पण ते दर मातीला प्रयोगशाळेत ठरवावे लागते. उसाच्या चिपाडाची राख, भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांतली धानाच्या तुसाची राख यांतही सिलिका असते, म्हणून त्याही या कामी येतात.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका तालुक्यात असा दोन किलोमीटरचा रस्ता करायचे ठरले. गुणवत्ता तपासणीवर मी होतो. राख फुकट आली. चुन्याची पोती मात्र आदल्या पावसाळ्यापासून उघड्यावर पडलेली होती. हवा खाल्लेला चुना खडूसारखा निकामी होतो, हे ठेकेदाराला ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून चालवून घ्यायचे होते. ढेकळे न फोडता वरून राख पसरली, ट्रॅक्टर दोनदा फिरवला आणि संध्याकाळी रोलर आणला. मी दुसऱ्या दिवशी खणून पाहिले तर नारळाएवढी ढेकळे तशीच आत होती. मी तोंडी हरकत घेतली, लेखी घेतली नाही. पुढच्याच पावसाळ्यात रस्ता बसला. अहवालात कारण लिहिले गेले : 'राखेमुळे भराव खचला.' त्या अहवालावर माझीही सही आहे. नंतर त्या भागात कित्येक वर्षे कुणी राखेचे नाव काढले नाही.

आज नेमका उलटा धोका दिसतो. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने केंद्रांवर सगळी राख वापरण्याचे बंधन घातले आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपयांची भरपाई लावली. हा नियम हवाच होता. जुलै २०२२ मध्ये कोराडीजवळच्या राखेच्या तलावाचा बांध फुटून राखेचे पाणी शेतांत आणि नदीत गेले, त्यावरून साठवलेली राख किती महागात पडते ते दिसले. पण हिशेबात सिमेंटमध्ये गेलेला टन, चुन्याबरोबर नीट कालवून रस्त्याखाली दाबलेला टन आणि सखल जागेत ओतून दिलेला टन, हे तिन्ही 'वापर' म्हणूनच मोजले जातात. पहिल्या दोहोंना कौशल्य लागते, तिसऱ्याला फक्त ट्रक लागतो. आणि ट्रकभोवती पैसा आला की काय होते, हे परळीच्या राखेच्या वाहतुकीवरून २०२४-२५ मध्ये उठलेल्या वादळाने महाराष्ट्राला दाखवले.

राखेचा भराव वाईट असतो असे मुळीच नाही. दिल्लीत निजामुद्दीन पुलाच्या जोडरस्त्याचा भराव १९९० च्या दशकात राखेचाच केला गेला. मात्र राख थराथराने, योग्य ओलाव्यावर दाबावी लागते आणि बाजूंनी व वरून मातीचे जाड आवरण द्यावे लागते. नाहीतर पाऊस ती धुऊन नेतो. शिवाय राखेत आर्सेनिक, क्रोमियम, बोरॉन अशी द्रव्ये अल्प प्रमाणात असतात, म्हणून विहिरीच्या काठाशी ती ओतणे शहाणपणाचे नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा नागपूरबाहेर एका लेआउटमध्ये प्लॉट पाहायला मला घेऊन गेला. दलाल म्हणाला, "काका, काळ्या मातीचं टेन्शनच नाही. पॉवर हाऊसची राख टाकून लेव्हल केलंय, सरकारमान्य मटेरिअल!" मी एक खड्डा खणायला लावला. वर फूटभर मुरूम आणि खाली चार फूट राख, इतकी सैल की हातातली काठी मुठीपर्यंत आत गेली. त्याच्या खाली आपली काळी माती, कुणी हातही न लावलेली. चुन्याचा मागमूस नव्हता. शंभर पावलांवर जुन्या मळ्याची विहीर होती.

तळाची माती पिशवीत भरून आम्ही घरी आणली. भाचेसुनेने ती वाळवून चाळून दिली आणि मी माझ्या जुन्या नळ्या काढल्या. दुसऱ्या दिवशी रॉकेलमधली माती १२ मिलिलिटरवर होती, पाण्यातली २१ वर. म्हणजे ७५ टक्के फुगवटा. भाच्याला मी सांगितले, "प्लॉट घेऊ नकोस असं म्हणत नाही. पण पाया राख आणि काळी माती ओलांडून खाली न्यावा लागेल, पाइलचा खर्च धर, आणि त्या विहिरीचं पाणी आधी तपासून घे." त्याने कागदावर आकडेमोड केली आणि दलालाला फोन लावून आधी एवढेच विचारले की राख टाकताना रोलर कोणी फिरवला होता. पलीकडून उत्तर यायला बराच वेळ लागला. सौदा अजून व्हायचा आहे.