उतरणीवरचं पाऊल

पावसाळा लागला की लोहगड-विसापूरच्या वाटा गजबजतात. पाय मुरगळलेल्या ट्रेकरला स्ट्रेचरवरून खाली आणायला लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’चे कार्यकर्ते धावतात. म्हणूनच हा अंक पावलावर.

एका पावलात 26 हाडं आणि 33 सांधे. घोट्यातलं टॅलस हे हाड पुढे रुंद, मागे निमुळतं. गड उतरताना पंजा खाली झुकतो, निमुळता भाग खोबणीत येतो आणि सांध्याची पकड ढिली पडते. त्यातच शेवाळल्या धोंड्यावर पाऊल आत वळलं, तर घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध ताणतो, कधी तुटतोही. चढणीपेक्षा उतरणच जास्त जपावी, असं आमचं ठाम मत आहे.

इंद्रायणी भाताच्या लावणीत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या मावळातल्या बायकांच्या पावलांची दखलही आम्ही घेतली आहे. वाचकांनी आपले अनुभव जरूर कळवावेत.