बे-लीफचे धुराडे : घराचे ‘मूळ रूप’ म्हणजे नेमके कोणते?

१/ इंग्लंडच्या केंट परगण्यात, चिडिंगस्टोन भागात, ‘बे-लीफ’ नावाचे ओकच्या लाकडी सांगाड्याचे शेतघर होते. बाऊ बीच जलाशयाच्या कामात ते नष्ट होणार, हे स्पष्ट झाल्यावर १९६८-६९ मध्ये ते सुटे करण्यात आले. पुढे वेस्ट ससेक्समधील सिंगलटन येथील वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात ते पुन्हा उभे राहिले. हलवलेले घर अस्सल कसे, असे अनेकांना वाटते. खरा प्रश्न मात्र वेगळाच आहे. #थ्रेड

२/ आधी या शंकेविषयी. असे घर जागेवर एकेक लाकूड रचून उभे राहत नसे. सुतार ओला ओक तासून चौकटी आधी जमिनीवर आडव्या जुळवत, सांध्यांवर रोमन अंकांच्या धर्तीच्या खुणा कोरत आणि सारे सुटे करून जागेवर नेत. सांधे बांधायला खिळे नव्हे, लाकडी खुंट्या. सुटे होणे आणि पुन्हा जुळणे हा या वास्तूचा जन्मजात स्वभावच आहे.

३/ बे-लीफ हे ‘वील्डन’ पद्धतीचे घर. मधोमध थेट छपरापर्यंत उघडे दालन, दोन्ही टोकांना दुमजली भाग. टोकांचे वरचे मजले पुढे आलेले, छप्पर मात्र सलग एकच. म्हणून दालनाची दर्शनी बाजू आत सरकल्यासारखी दिसते. खांब-तुळयांमधल्या भिंती कुडाच्या, मातीने लिंपलेल्या.

४/ दालनात जमिनीवरच आगटी पेटे. धुराडे नव्हते, धूर वर चढून छपरातून वाट काढी. खिडक्यांना काचा नव्हत्या, लाकडी गज आणि झडपा होत्या. दालनावर मजला घालणे अशक्यच होते, कारण तिथली वरची सारी जागा धुराची होती.

५/ १६व्या-१७व्या शतकांत शेतकऱ्यांच्या घरांत विटांची धुराडी आली. धूर कोंडला गेला, दालनावर मजला पडला, खोल्या वाढल्या. एकाच आगीभोवती जमणारे घर हळूहळू विभागले गेले. धुराडे ही केवळ सोय नव्हती. राहणीच बदलणारी ती घटना होती.

६/ बे-लीफमध्येही असे बदल झाले होते. नव्या जागी उभारताना मात्र नंतरच्या भरी वगळून घर सुमारे १५४० च्या रूपात मांडण्यात आले. घर हलवण्यापेक्षा हा निर्णय कितीतरी मोठा होता.

७/ त्याची बाजू भक्कम आहे. जागेवर उरलेल्या बहुतेक दालनांवर मजले पडले आहेत. उघड्या दालनाची उंची, धूर आणि अंधार वाचून उमगत नाहीत. ते अनुभवण्यासाठी एखादे तरी घर हवेच.

८/ पण यालाच ‘मूळ रूप’ म्हणणे चूक ठरेल. दालन १५व्या शतकाच्या पूर्वार्धातले, तर मालकाच्या खाजगी खोल्यांचा भाग १६व्या शतकाच्या आरंभीचा. म्हणजे १५४० चे बे-लीफ स्वतःच दोन पिढ्यांहून अधिक अंतराने जोडलेले घर होते. ती एक भर जपायची आणि धुराड्याची भर वगळायची, ही निवड आपल्या काळाची आहे.

९/ विल्यम मॉरिस व सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली, ती नेमकी याच वृत्तीविरुद्ध. आवडत्या शतकाकडे परतण्यासाठी बाकीची शतके खरवडून काढू नयेत, अशी त्यांची भूमिका होती.

१०/ म्हणून बे-लीफ हा उत्तम धडा आहे, पण तो नियम होऊ नये. संग्रहालयातले एक घर धुराड्याविना शोभते. गावात नांदत्या घराचे धुराडे पाडून त्याला ‘शुद्ध’ करणे म्हणजे त्यात राहून गेलेल्या माणसांना पुसून टाकणे. अशा घरात गेलात तर आढ्याकडे पाहा. वाशांवरची जुनी काजळी आणि शेजारचे विटांचे धुराडे, दोन्ही एकाच घराचे साक्षीदार आहेत.