बांधावरील झाडें आणि शेतांतील ओल

हस्ताचा पाऊस सरून रब्बीची ज्वारी पोटरींत येऊं लागली म्हणजे माण, जत, सांगोला, कर्जत ह्यांसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांतून एक तक्रार दरसाल ऐकूं येते. बांधावर बाभूळ असली कीं तिच्या बाजूच्या पांचसात ओळी खुज्या राहतात, पानें अकालीं पिवळीं पडतात आणि कणीस भरत नाहीं. शेतकरी म्हणतो, झाड पाणी पितें, तें तोडा. उलट शहरांतून येणारे वृक्षप्रेमी सांगतात कीं झाडें पाऊस आणतात, विहिरींस पाणी देतात. तेव्हां जेथें रिकामी जागा दिसेल तेथें खड्डा घ्या. ह्या दोन्ही मतांचा आम्हांस सारखाच कंटाळा आला आहे. झाड पाणी पितें हें खरें. पण किती खोलीवरचें, कोणत्या महिन्यांत आणि कोणाच्या वाट्याचें, हें विचारल्यावांचून त्यावर कुऱ्हाड उचलूं नये व त्याचें रोपही लावूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

झाडास पाणी लागतें तें कशासाठीं? पानाच्या पाठीवर डोळ्यांस न दिसणारीं असंख्य छिद्रें असतात. अन्न तयार करण्यास लागणारा कर्बवायू त्यांतून आंत येतो, आणि दार उघडें राहिलें म्हणजे आंतली ओल वाफ होऊन बाहेर जाते. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत अ‍ॅक्रन येथें ब्रिग्ज व शांट्झ ह्या शास्त्रज्ञांनीं केलेले प्रयोग १९१३ सालीं प्रसिद्ध झाले. पिकाच्या वाळलेल्या वजनाच्या शेंकडों पट पाणी त्यास खर्चावें लागतें, असें त्यांत दिसून आलें. ज्वारी आणि बाजरीच्या जाती त्यांत काटकसरी ठरल्या, तरी त्यांचाही खर्च शेंकडों पटींचाच. मग झाडास तो कसा चुकेल? कोरड्या मुलखांतलीं झाडेंझुडपें पाणी खर्चीत नाहींत असें नाहीं. तीं खर्चाची वेळ निवडतात. कोणी भर दुपारीं छिद्रें मिटून घेतें. बाभळीसारखें कोणी पान बारीक ठेवतें. पळस पानें टाकून मगच फुलतो. निवडुंग तर रात्रीं छिद्रें उघडतो व दिवसां बंद करतो.

आतां आपल्या शेताकडे वळूं. पर्जन्यछायेच्या पट्ट्यांत वर्षाकाठीं वीसबावीस इंच पाऊस पडतो. एका एकरावर एक इंच पाऊस म्हणजे सुमारें एक लाख लिटर पाणी. त्यांतील कांहीं वाहून जातें, पुष्कळसें उन्हानें उडतें, आणि उरेल तें जमिनींत मुरतें. पेरणीच्या वेळीं जमिनींत जी ओल असेल तीच रब्बी ज्वारीची शिदोरी. पुढें वरून भर पडण्याची आशा थोडी. सोलापुरास १९३३ पासून कोरडवाहू शेतीचें जें संशोधन चाललें त्याचा रोख ह्याच शिदोरीवर होता. अशा शेताच्या बांधावर बाभूळ असली आणि तिचीं आडवीं मुळें ज्वारीच्या थरांत पसरलेलीं असलीं, तर कार्तिकापासून दोघीही एकाच ताटांत जेवूं लागतात. खरिपाच्या बाजरीशीं त्याच बाभळीचें भांडण इतकें विकोपास जात नाहीं, कारण तेव्हां ताट पुन्हां पुन्हां भरत असतें.

येथें एक गोष्ट तपासून पाहावी. हिवाळ्यांत सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्यामुळें दुपारची सावली झाडाच्या उत्तरेस पडते. (उत्तरेच्या बांधावर झाड ठेवण्याचा आग्रह कित्येकजण कां धरतात, हें त्यांच्या शेजाऱ्यांस विचारावें!) म्हणून झाडाच्या दक्षिणेकडील पीकही खुजें राहत असेल तर दोष सावलीचा नसून मुळांचा समजावा. केवळ उत्तरेकडचेंच पीक मार खात असेल तर फांद्या छाटून बरेंचसें काम भागेल. इतकी साधी परीक्षा न करतां झाडें तोडलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत.

झाडांचीं मुळें खोल जातात, तीं पिकाच्या थरांतलें पाणी घेतच नाहींत, असें सांगणारे लोक दूरदेशींचे दाखले देतात. ते दाखले खोटे नाहींत. बोत्स्वानांतील कलहारी वाळवंटांत बोअर घेतांना तेथील मेंढपाळवृक्षाचें मूळ ६८ मीटर खोलीवर, म्हणजे सव्वादोनशें फुटांच्या जवळपास, सांपडलें. अमेरिकेंत टक्सनजवळच्या खाणींत मेस्किट नांवाच्या झाडाचीं मुळें ५३ मीटरांवर आढळल्याचें १९६३ सालीं नमूद झालें. पण हे दोन्ही मुलूख खोल गाळाचे किंवा वाळूचे. आमच्या माळावर हातदीड हात माती, खालीं मुरूम आणि त्याखालीं काळा पाषाण. मूळ फटींतून उतरतें खरें, पण फट सांपडेल तेथेंच. खोल काळ्या जमिनींतलें झाड आणि हलक्या मुरमाड जमिनींतलें झाड, जात एक असली तरी शेजारी म्हणून एक नव्हेत.

अलीकडे आणखी एक आशा दाखविण्यांत येते. अमेरिकेच्या यूटा संस्थानांतील एका रानझुडपाचीं मुळें रात्रीं खालच्या ओल्या थरांतलें पाणी वर खेंचून कोरड्या थरांत सोडतात, हें रिचर्ड्स व कॉल्डवेल ह्यांनीं १९८७ सालीं दाखविलें. पुढें इतर अनेक झाडांतही तोच गुण आढळला. गोष्ट विलक्षण आहे, आणि सृष्टीच्या ह्या युक्तीचें कौतुक आम्हांसही वाटतें. परंतु उत्तर टांझानियांत बाभळीच्या एका जातीखालीं २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं झाड रात्रीं वर आणतें त्याहून अधिक पाणी तें स्वतःच शोषून घेतें, आणि मुळें तोडलीं तर खालच्या गवतास ओल अधिक मिळते. तेव्हां बांधावरची बाभूळ रात्रीं ज्वारीस पाणी पाजील, ह्या भरंवशावर कोणीं राहूं नये.

खरा उपाय आम्हांस मारवाडी शेतकऱ्याच्या वहिवाटींत दिसतो. आपण दसऱ्यास जिची पूजा करतों ती शमी, आपल्याकडील सौंदड, हीच तिकडची खेजडी. चौदापंधरा इंचांहूनही कमी पावसांत तो शेतकरी ती बाजरीच्या शेतांत, बांधावर नव्हे तर मधोमध, राखतो. मात्र हिवाळ्यांत तिच्या फांद्या उतरवून पाला शेळ्यांस व उंटांस घालतो. पाला उतरला म्हणजे पाण्याचें दारही बंद झालें. खालची ओल राहते, वैरण मिळते, आणि झाड वसंतांत पुन्हां फुटतें. आफ्रिकेंतील साहेल भागांत ह्याहून नवल वाटावें असें एक झाड आहे, फेडर्बिया. तें पावसाळ्यांत पानें टाकतें आणि कोरड्या ऋतूंत हिरवें होतें, म्हणून त्याखालीं पावसाळी बाजरी उत्तम येते. ह्या झाडाची स्तुति ऐकून रोपें मागविण्यापूर्वीं रब्बीच्या शेतकऱ्यानें विचार करावा: आमची ज्वारी उभी असते ती नेमकी कोरड्या ऋतूंत, आणि तेथें जो गुण तो येथें अवगुण ठरेल.

एका शेताचा हिशेब असा. गांवच्या विहिरींचा हिशेब ह्याहून निराळा. पश्चिम ऑस्ट्रेलियांत गव्हासाठीं रान तोडल्यावर भूगर्भांतलें पाणी वर येऊं लागलें व त्याबरोबर क्षार वर येऊन जमिनी खारवटल्या. डब्ल्यू. ई. वुड नांवाच्या रेल्वेच्या इंजिनियरानें हें कारण १९२४ सालींच मांडलें होतें. तेथें झाड पाणी पीत होतें हाच उपकार होता. उलट चीनच्या लोएस पठारावर १९९९ नंतर सरकारनें प्रचंड प्रमाणांत झाडें व गवत वाढविलें, आणि तेथील पाणी आणखी लागवड सोसण्याच्या मर्यादेजवळ आलें आहे, असा इशारा संशोधकांनीं २०१६ सालीं दिला. त्याच वर्षीं बुर्किना फासो देशांतील मोजणी प्रसिद्ध झाली. झाडें अगदींच नसलीं तर माती घट्ट होऊन पाणी मुरत नाहीं. फार दाट असलीं तर मुरलेलें पाणी तींच पिऊन टाकतात. विरळ राखलीं तरच खालीं सर्वांत अधिक पाणी उतरतें.

हें ध्यानांत घेतां महाराष्ट्रांत २०१६ सालीं दोन कोटी, मग चार, मग तेरा आणि २०१९ सालीं तेहतीस कोटी झाडें लावण्याचे जे संकल्प झाले, त्यांविषयीं आमच्या मनांत शंका राहते. हेतु चांगला होता. परंतु लक्ष्य खड्ड्यांच्या संख्येवर बांधलें गेलें, आणि अमक्या माळावरची ओल किती झाडें पोसूं शकेल, हा प्रश्न मागें पडला. मुरमाड माळावर तरवड, बोर व गवत आपोआप टिकतें, त्यास पडीक म्हणून नांगरून तेथें दाट निलगिरी लावणें आम्हांस पसंत नाहीं. वेड्या बाभळीनें कच्छच्या बन्नींतील गवताळ रानाची काय गत केली, तें समोर आहेच.

तेव्हां ज्यांची जमीन हलकी व पीक रब्बीचें, त्यांनीं बांधावर झाडें थोडीं व दूर दूर ठेवावीं, आणि दसऱ्याच्या सुमारास त्यांचा पाला उतरवून गुरांस घालावा. मुळें फारच आंत शिरलीं असतील तर बांधाच्या कडेनें दोनअडीच फूट खोल चर काढून तीं तोडावीं. पण चर बुंध्यास लागून नसावा, नाहींतर पहिल्या वादळांत झाड आडवें होईल. चर दरदोन वर्षांनीं उकरावा लागतो, हा त्रास आहे. ज्यांची जमीन खोल व काळी, त्यांस एवढी सावधगिरी नको. शेजाऱ्याशीं सामाईक बांध असेल तर छाटणीचा दिवस दोघांनीं मिळून ठरवावा आणि पाला अर्धा अर्धा वांटून घ्यावा, म्हणजे तलाठ्याकडे जाण्याची वेळ येणार नाहीं.

आणि तोडावयाचेंच ठरलें असेल, तर आधीं येत्या पौषांत बुंध्यापासून पांच, दहा, वीस व तीस हातांवर कमरेइतके खड्डे घ्यावे, तळची माती मुठींत दाबून तिचा लाडू वळतो कीं नाहीं तें पाहावें, आणि लाडू कोठपासून वळूं लागतो तेथें एक खुंटी ठोकून ठेवावी.