पोलीस शिपायाला संघ कां नको?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, पोलिसाचें नांव निघालें म्हणजे आपल्या घरांत दोन गोष्टी आठवतात. पहिली काठी आणि दुसरी भरती. ज्या काठीला आपण भितों ती ज्याच्या हातांत असते, तो शिपाई बहुधा आपल्याच घरचा पोर असतो. चार एकर कोरडवाहूवर भागत नाहीं, सुतार-लोहाराच्या हत्याराला गांवांत काम उरलें नाहीं, म्हणून पहाटे उठून रस्त्यानें धांवणारीं हीं पोरें भरती होतात. पोर वर्दींत दिसला कीं आई ओवाळते, बाप पेढे वाटतो. पण पुढें त्या पोराचें काय होतें, हें विचारण्याची आपल्याला संवय नाहीं. आज तेंच विचारावयाचें आहे.

२०१९ सालीं कॉमन कॉज व लोकनीति या संस्थांनीं देशांतील पोलिसांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत आढळलें कीं, पोलीस दिवसाला सरासरी चौदा तास काम करतो. वरचे अधिकारी खालच्यांना आपल्या घरचीं खाजगी कामें सांगतात, असें सुमारें चारांतल्या एकानें सांगितलें. गणपति असो, निवडणूक असो, मंत्र्याचा दौरा असो, शिपाई रस्त्यावर उभाच. सालदारालाही सणाची सुट्टी मिळते. शिपायाला सणालाच जादा काम. सालदाराचें मालकाशीं पटलें नाहीं तर तो पाडव्याला दुसरें घर पाहतो. शिपायानें तोंड उघडलें तर तो बेशिस्त ठरतो.

मग त्यानें चार सोबती जमवून संघ कां करूं नये? गिरणीकामगारांचा संघ आहे, एस्. टी. कामगारांचा आहे, मास्तरांचा आहे, तलाठ्यांचा आहे. शिपायाच्याच वाटेंत कायदा आडवा येतो. घटनेच्या १९ व्या कलमानें संघ करण्याचा हक्क सर्व नागरिकांस दिला; पण सैन्य व पोलीस यांच्यापुरता तो आवळण्याची मुभा ३३ व्या कलमानें संसदेस दिली. १९६६ सालीं संसदेनें तसा कायदा केला. त्याप्रमाणें सरकारच्या परवानगीवांचून पोलिसाला कामगार संघाचा सभासद होतां येत नाहीं. झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. याच कायद्यांत निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या वा धार्मिक मंडळांना मात्र मोकळीक आहे. म्हणजे शिपायांनीं भजनी मंडळ काढून टाळ कुटावे, सरकारची हरकत नाहीं. पण 'आमचीं घरें गळतात' एवढें मिळून म्हणण्यासाठीं संघ काढला कीं गुन्हा! दिल्लीच्या पोलिसांच्या संघानें दाद मागितली, तेव्हां १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही हीं बंधनें कायम ठेवलीं. आणि याच खात्यांतील भारतीय पोलीस सेवेच्या साहेबलोकांची असोसिएशन उजळ माथ्यानें चालते. साहेब जमले तर असोसिएशन आणि शिपाई जमले तर बेशिस्त, हा कोणता न्याय?

महाराष्ट्रांत शिपायांचा संघ कधीं नव्हताच असें नाहीं. होता, आणि मुंबईंत त्याचें बळही होतें. पगार, घरें, कामाचे तास व अधिकाऱ्यांची वागणूक ह्या त्याच्या तक्रारी. १९८२ च्या १५ ऑगस्टला शिपायांनीं काळ्या फिती लावल्या. त्यावर बाबासाहेब भोसले यांच्या सरकारनें काय केलें? केंद्राचीं सशस्त्र दळें आणलीं, १८ ऑगस्टच्या पहाटे पुढारी धरले आणि संघ बंद केला. दिवस उजाडतांच शिपाई रस्त्यावर आले. त्या वेळीं डॉ. दत्ता सामंत यांचा गिरणी संप सात महिने चालला होता. गिरणीकामगारही त्यांत मिसळले. गाड्या अडल्या, दुकानें फुटलीं, माणसें मेलीं आणि शेवटीं लष्कर बोलवावें लागलें. त्या दिवशींच्या मोडतोडीचें आम्ही समर्थन करीत नाहीं. पण चुलीवरच्या भांड्याचें झांकण दाबून धरणारानें आंतली वाफ उडाली म्हणून भांड्याला शिव्या देऊं नयेत.

हें मुंबईंतच घडलें असें नव्हे. अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या शिपायांनीं १९१९ सालीं संघ केला. पुढाऱ्यांना कामावरून दूर केलें, तेव्हां ९ सप्टेंबरला अकराशेंहून अधिक शिपायांनीं काम सोडलें. शहरांत लुटालूट झाली. संप मोडला, संपकरी शिपायांना परत घेतलें नाहीं. पण गंमत पहा. त्यांच्या जागीं जे नवे घेतले त्यांना जास्त पगार व फुकट वर्दी दिली! म्हणजे मागणें रास्त होतें. मागणारे तेवढे नको होते. पुढें १९६५ सालीं बॉस्टनच्या शिपायांचा संघ पुन्हां उभा राहिला. तो शहराशीं पगाराचा व कामाच्या अटींचा करार करतो आणि चौकशींत सांपडलेल्या सभासदाची बाजू मांडतो.

इंग्रजांनीं दुसरी वाट काढली. १९१८ व १९१९ सालीं त्यांच्याकडे पोलिसांचे संप झाले. सरकारनें १९१९ चे संपकरी बडतर्फ केले व संपाला बंदी केली. पण त्याच वर्षींच्या कायद्यानें पोलिसांना गाऱ्हाणीं मांडण्यासाठीं पोलीस फेडरेशन दिलें आणि पगारही वाढविला. संप करावयाचा नाहीं, पण सरकारपुढें बसून बोलावयाचें, असा तो रिवाज शंभरावर वर्षें चालला आहे. आपल्या देशांत केरळांतही शिपायांची असोसिएशन आहे. तेथें आभाळ कोसळलें नाहीं.

कोणी म्हणेल, संघ दिला तर चोर कोण धरील? त्याला उत्तर वर आलेंच आहे: संपाचा हक्क देऊं नका, बोलण्याचा द्या. दुसरी शंका अधिक खरी आहे आणि ती आपल्या गरिबांची आहे. संघ झाला तर गरिबाला बडविणाऱ्या शिपायावर पांघरूण पडेल काय? पडूं शकतें. अमेरिकेंतील मिनीॲपोलिस शहरांत २०२० सालीं जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखालीं जीव गेला, तेव्हां तेथील पोलीस संघाच्या अध्यक्षानें काढून टाकलेल्या पोलिसांचीच बाजू घेतली. पुढें त्या पोलिसाला न्यायालयानें खुनाबद्दल दोषी ठरविलें. असला संघ आम्हांला नको. संघानें पगार, घर, रजा व तास यांबद्दल भांडावें. चौकशींत सभासदाला वकील द्यावा. पण चौकशीच होऊं नये म्हणून आडवें पडूं नये. आणि हेंही ध्यानांत ठेवा कीं, आज संघ नसतांना कोठडींतली मारहाण कांहीं थांबलेली नाहीं. साहेबाच्या बेकायदा हुकुमाला 'नाहीं' म्हणावयाचें तर शिपायाच्या पाठीशीं कोणीतरी उभें असावें लागतें.

शिपायाला अक्कल नाहीं, असें समजणारांनीं देवनारचें उदाहरण पाहावें. २०१६ सालीं मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यांत आठ तासांची पाळी सुरू झाली, ती एका साध्या शिपायानें आंखलेल्या योजनेवरून. आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनीं ती ऐकली आणि पुढल्या वर्षीं शहरांतील इतर ठाण्यांतही लागू केली. ऐकणारा साहेब भेटला म्हणून काम झालें. पुढें ती पद्धत कधीं मोडली, कधीं पुन्हां सुरू झाली. साहेबाच्या मर्जीवर मिळालेलें साहेबाच्या बदलीबरोबर जातें. हक्कानें मिळालेलें टिकतें.

यासाठीं नवा कायदाही नको. १९६६ च्या कायद्यांतच परवानगीची तरतूद आहे; ती द्यावयाची कीं नाहीं, एवढाच प्रश्न. ज्यांचीं पोरें वर्दींत आहेत त्यांना उघड बोलतां येत नाहीं, आईबापांना येतें. आमदार मत मागण्यास दारीं येईल तेव्हां वीज, पाणी, शेतमालाचा भाव ह्यांबरोबर हाही प्रश्न त्याला विचारा: साहेबांना असोसिएशन आहे, मग आमच्या पोराला कां नाहीं? आणि त्याच दमांत त्या पोरालाही सांगा कीं, आम्ही तुझ्यासाठीं भांडूं. पण गरिबाच्या पाठीवर काठी उगारतांना ती पाठ आपल्या बापासारखीच आहे, हें विसरूं नको.