अहवालातील साक्ष

नागपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्युटर प्रक्रियकांवर चालत असे, तर त्यामागून आलेला ‘परम ९०००’ स्पार्क प्रक्रियकांवर. यंत्राची जातकुळी अशी बदलल्यावर, सॉफ्टवेअरची चाचणी कोणत्या जातीच्या यंत्रासाठी झाली याची नोंद नसलेला अहवाल कितीही सविस्तर असला तरी कुचकामाचाच.

ही नोंद करताना स्वयंचलित चाचणीने कार्यप्रणालीच्या कर्नलची जबानी प्रमाण मानू नये, असा माझा आग्रह आहे, कारण ६४ बिटी कर्नलवर ३२ बिटी कंपायलर निर्वेधपणे नांदतो. जीसीसी या कंपायलरला ‘डंपमशीन’ हा पर्याय देऊन विचारले असता तो आपले लक्ष्य स्वमुखाने सांगतो. मात्र ३२ बिटी संकेत मागणारी ‘एम३२’ची आज्ञा सोबत असेल, तरी ते उत्तर बदलत नाही; म्हणून ती असेल, तर त्याच्या अंगभूत मॅक्रोंचीही साक्ष काढावी आणि मगच उत्तर दप्तरी दाखल करावे. नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या तरुण अभियंत्याने सकाळी उघडलेल्या अहवालाची पहिलीच ओळ खोटी असता कामा नये.