कुळ आणि वळण

दिवाळीच्या सुट्टीत नातू पुण्याहून देवगाव फाट्याला आला की त्याचा मुक्काम आमच्या जुन्या दुकानाच्या ओसरीवर असतो. समोरून सेलू-जिंतूरकडे कापसाच्या गाड्या जात असतात आणि हा पुस्तकात मान घालून बसलेला. यंदा त्याच्या मांडीवर एका काल्पनिक जगाची इंग्रजी कादंबरी होती. तिच्यात माणसांखेरीज आणखी काही वंश नांदतात. एल्फ दीर्घायुषी व सुसंस्कृत, ड्वॉर्फ बुटके, कष्टाळू आणि सोन्याचे लोभी, तर ओर्क क्रूर. मध्येच मान वर करून त्याने विचारले, "आजोबा, ओर्कचं तान्हं बाळ माणसांच्या घरात वाढवलं, तर तेही क्रूरच निघेल का?"

प्रश्न पोरकट म्हणून मी हसलो खरा, परंतु रात्री झोप लागेना. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की, या ओर्कांना जगभर प्रसिद्धी देणारे ऑक्सफर्डचे प्राध्यापक टॉल्किन यांनाही हा प्रश्न अखेरपर्यंत नीट सुटला नव्हता. दुष्टशक्ती नवे काही निर्माण करू शकत नाही, असलेलेच बिघडवते, अशी त्यांची श्रद्धा होती. मग एक अखंड जात जन्मतःच दुष्ट कशी? याच कल्पनांवर आधारलेला 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ १९७४ पासून खेळला जातो. त्याच्या २०२४ च्या नियमपुस्तकातून 'वंश' हा शब्दच काढून टाकण्यात आला आहे. खेळणाऱ्यांनाही तो खटकू लागला असावा.

वाचकहो, गंमत अशी की हाच प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी विचारला गेला आहे, आणि तोही आपल्या मराठीच्या पूर्वज भाषेत. विमलसूरींचे 'पउमचरिय' महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्याच्या आरंभी मगधाचा राजा श्रेणिक अस्वस्थ आहे. राक्षस मांस खात, कुंभकर्ण सहा-सहा महिने झोपे, बलाढ्य राक्षसांना माकडांनी जिंकले, हे लोकांत प्रचलित असलेले सारे त्याच्या बुद्धीला पटत नाही. तो गौतम गणधरांना विचारतो आणि त्यांच्या उत्तरातून रामकथा नव्याने उलगडते. या कथेत राक्षस हे अक्राळविक्राळ प्राणी नव्हेत, ते विद्याधर माणसांचे एक कुळ आहे. द्वीपाचे रक्षण करणारे म्हणून त्यांना ते नाव पडले. वानर हीही माणसेच. त्यांच्या ध्वजांवर आणि तोरणांवर वानराचे चिन्ह होते, म्हणून ते वानरवंशी. रावणाला दहा तोंडे नव्हती. गळ्यातल्या हाराच्या नऊ रत्नांत त्याच्या मुखाची प्रतिबिंबे पडत, म्हणून तो दशमुख. दिगंबर घरांत वाचल्या जाणाऱ्या रविषेणाचार्यांच्या 'पद्मपुराणा'तही कथेचे हेच वळण आहे.

माझ्या मते या ग्रंथांतला सर्वांत धीट भाग रावणाचा आहे. तो विद्वान आहे, जिनभक्त आहे, आणि अनिच्छुक परस्त्रीला स्पर्श करणार नाही असे व्रत त्याने घेतलेले आहे. तरीही सीतेच्या मोहाने त्याचा नाश होतो. हा नाश राक्षसकुळात जन्मल्यामुळे होत नाही, एका वासनेपायी होतो, आणि ती वासना तुमच्या-माझ्या कोणत्याही घरात शिरू शकते. त्याचा सख्खा भाऊ बिभीषण त्याच कुळात, त्याच राजवाड्यात वाढून वेगळ्या वाटेने जातो. म्हणजे कुळही तेच आणि वळणही तेच, फळ मात्र निराळे. हा हिशोब केवळ जन्माने जुळत नाही, केवळ संगोपनानेही नाही. आपल्या तत्त्वज्ञानात उपादान आणि निमित्त असे दोन शब्द आहेत. वस्तूची स्वतःची योग्यता ते उपादान, आणि बाहेरून लाभणारे कारण ते निमित्त. गोत्रकर्मही आपण मानतो, हे मी विसरलेलो नाही. परंतु कर्म ज्याचे त्याचे असते. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर बापाची बाकी मुलाच्या कर्मखात्यावर ओढता येत नाही. म्हणून तर चांडाळकुळात जन्मलेले हरिकेशी मुनी वंदनीय ठरतात, आणि अहिंसाव्रताचे उदाहरण द्यायचे तर आचार्य यमपाल चांडाळाचे देतात.

पुस्तकात हे सारे सोपे वाटते. आपल्याच देशात मात्र १८७१ साली इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' केला आणि संपूर्ण जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांची नोंदणी झाली, पोलिसांपुढे हजेरी आली, गाव सोडायचे तर परवाना आला. पाळण्यातले मूलही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. तो शिक्का माणसाला आतून कसा पोखरतो, हे लातूर जिल्ह्यातील लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या'मध्ये लिहिले. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि आपल्या भागातील पुष्कळांच्या संग्रही ते आहे. कायदा मेला, पण चोरी झाली की पहिले बोट आजही पारध्यांच्या पालाकडे जाते.

आपण व्यापारी लोक याच नाण्याची दुसरी बाजू अभिमानाने मिरवतो. "धंदा आमच्या रक्तातच आहे," असे लग्नाच्या पंगतीत किती सहज म्हटले जाते! माझ्या रक्तात धंदा होता की नाही, देव जाणे. सातव्या वर्षी वडिलांनी गादीवर बसवून पावकी-निमकी घोकून घेतली, हे मात्र नक्की. चुकलो की कानाला चिमटा. तराजूचा काटा, मापाची गोणी, उधारीची वही, गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरून त्याची ऐपत ओळखणे, हे सगळे मिसरूड फुटण्याआधीच शिकवून झाले होते. हीच शिकवणी हमालाच्या मुलाला दिली असती, तर तो काय झाला असता? तशी ती कोणी दिली नाही, म्हणून उत्तरही हाती नाही.

ज्या गोष्टीने त्या रात्री झोप उडाली, ती आता सांगतो. १९८८ च्या सुमारास मी याच जिल्ह्यातील एका शाखेत कर्जाचे काम पाहत होतो. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली शेळ्यांसाठी एका पारधी तरुणाचा अर्ज आला. कागद पुरे होते. बाजारपेठेतील दोन प्रतिष्ठितांना मी सहज विचारले. ते हसले आणि म्हणाले, "साहेब, शेळ्या पहिल्याच रात्री विकून खाईल." मी अर्जावर शेरा मारला: 'स्थिर वास्तव्य नाही.' तो तरुण काउंटरपाशी उभा होता. वाद न घालता कागद घडी करून घेऊन गेला. त्याच वर्षी एका चांगल्या घराण्यातील गृहस्थाला मी केवळ आडनावावर कापसाच्या मालतारणाचे कर्ज दिले. तपासणीच्या दिवशी गोदाम अर्धे रिकामे निघाले. त्या थकबाकीच्या नोटिसा लिहिता लिहिता माझी बदली झाली.

हे सारे मी नातवाला सांगितले. कर्जबुडव्या गृहस्थांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, दुकानाची गल्ली, सगळे मला आठवत होते. नातवाने विचारले, "आणि त्या शेळ्यावाल्याचं नाव काय होतं?"

मला ते सांगता आले नाही.