श्रेयांकांची ठेव आणि न्यायालयाची पायरी

एका महाविद्यालयात उत्तीर्ण झालेला विषय दुसऱ्या महाविद्यालयात मोजला जाईल की नाही, हे ठरविण्यासाठी विद्यार्थ्याला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागणे हे शिक्षणव्यवस्थेला भूषणावह नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये श्रेयांक बँकेचे विनियम केले. त्यानुसार श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यात कमाल सात वर्षे ग्राह्य राहतात. पदवी देणाऱ्या संस्थेत मात्र किमान निम्मे मिळवावे लागतात. योजना उदार खरी, पण हा धनादेश वटवायचा कोणी? समकक्षता पुन्हा विद्यापीठानेच ठरवायची!

बोईसर-तारापूर परिसरात हा प्रश्न पुस्तकी नाही. औद्योगिक वसाहतीतले कंत्राट संपले की बिऱ्हाड हलते. अणुवीज केंद्रातील कर्मचाऱ्याची बदली रावतभाट्याला किंवा काक्रापारला होऊ शकते. पालघरहून उच्च न्यायालय गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. खरे अंतर वकिलाच्या फीचे आणि तारखांचे.

न्यायालयेही येथे हात राखूनच असतात. उत्तरपत्रिकांच्या पुनर्मूल्यांकनाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूने दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये फिरविला. शैक्षणिक बाबींत तज्ज्ञांच्या मताला मान द्यावा, ही त्यामागची भूमिका. ती आम्हांस मान्य आहे. परंतु तज्ज्ञांनी निर्णयच दिला नाही तर? परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत उलटल्यावर हाती पडलेले समकक्षतेचे पत्र काय कामाचे? मुंबई विद्यापीठाने अशा अर्जांवर पंधरा दिवसांत लेखी निर्णय द्यावा. नकार असेल तर अभ्यासक्रमाचा नेमका कोणता भाग उणा पडतो ते सांगावे. आणि मुदतीत उत्तर न आल्यास श्रेयांक मान्य झाले असे समजावे.